यूटीची २०१० ची तुकडी: पंधरा वर्षांनी ताळा

८ फेब्रुवारी २०२५

बुधवारी सह्यांचा दिवस झाला, म्हणजे अमेरिकन फुटबॉल खेळणारी शाळकरी मुलं ज्या दिवशी कॉलेजांकडे सही करतात तो. लेकाच्या शाळेत जिममध्ये टेबल मांडलं होतं, त्यावर कॉलेजांच्या टोप्या, मागे आईवडील, आणि तीन मुलांनी कागदांवर सह्या केल्या. लेक दहावीत आहे, बचावात लाइनबॅकर खेळतो. तेव्हापासून घरात एकच विषय, कोण किती तारेवाला (खेळाडू पारखणाऱ्या साइट शाळकरी मुलांना पाचपर्यंत तारे देतात). जेवताना मी विचारलं, "पाच तारे मिळतात त्यांचं पुढे काय होतं?" तो म्हणाला, "आई, एनएफएलमध्ये जातात," म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये. मी म्हटलं, "सगळे?" त्यावर त्याने भात कालवायला घेतला.

हिशेब तपासणं हे माझं रोजचं काम. तेव्हा ठरवलं, एकच तुकडी, म्हणजे एका कॉलेजकडे एका वर्षी सही केलेली मुलं, घ्यायची, नावानिशी उतरवायची आणि शेवटपर्यंत ताळा लावायचा. आम्ही ऑस्टिनच्या उत्तरेला राहतो, म्हणून यूटी, म्हणजे टेक्सस विद्यापीठ. वर्ष २०१०. ७ जानेवारी २०१० ला पॅसाडीनात यूटी राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना अलाबामाकडून ३७-२१ ने हरलं होतं. महिन्याच्या आत, ३ फेब्रुवारीला, नव्या तुकडीच्या सह्या झाल्या. सगळ्या मोठ्या याद्यांत ही तुकडी देशात पहिल्या पाचांत होती. आणि त्याच वर्षीच्या मोसमात संघ ५ सामने जिंकला, ७ हरला. एवढी तफावत दिसली की खतावणी उघडायचीच.

कुणाला आपल्या गावच्या कॉलेजची तुकडी अशीच तपासायची असेल तर उपयोगी पडावं म्हणून चुकांसकट लिहून ठेवतेय.

१५ फेब्रुवारी २०२५

शीट तयार केली. ओळी २५, कारण तेव्हा एका वर्षी जास्तीत जास्त तेवढ्याच नव्या खेळाडूंना शिष्यवृत्ती देता यायची. रकाने: नाव, जागा, शाळा, तारे, कॉलेजची वर्षं, ड्राफ्ट, एनएफएलची वर्षं, शेरा.

तीन तास ताऱ्यांनी खाल्ले. मी एकाच साइटवरून तारे उतरवत गेले आणि अर्ध्यावर कळलं की दुसरीकडे त्याच मुलाला एक तारा कमी आहे. तारे देणाऱ्या कंपन्या वेगवेगळ्या, प्रत्येकीचे पाहणारे वेगळे. त्यांतली एक पुढे दुसरीत विलीन झाली आणि तिच्या जुन्या लिंका उघडतच नाहीत. आता ताऱ्यांना तीन रकाने दिलेत, जिथे मिळालं नाही तिथे रिकामं. सरासरी काढायचा मोह आवरला. रिकामा रकाना असताना काढलेली सरासरी खोटी असते.

खर्च: एका साइटचं महिन्याचं सभासदत्व, दहा डॉलर. त्याची गरज नव्हती, लागणारं सगळं फुकटच्या पानांवर होतं. लगेच रद्द केलं. वाचनालयाच्या कार्डावर जुनी वर्तमानपत्रं घरबसल्या वाचता येतात, तिथून सुरुवात करा.

२२ फेब्रुवारी २०२५

आजची चूक मोठी, म्हणून सविस्तर.

ड्राफ्टमध्ये एनएफएलचे ३२ संघ सात फेऱ्यांत अडीचशेच्या वर कॉलेज खेळाडू आळीपाळीने निवडतात. २०१३ ते २०१५ च्या निवडी एका शीटमध्ये घेतल्या, तुकडीची नावं दुसऱ्या शीटमध्ये, आणि व्हीलुकअप हे याद्या जुळवणारं सूत्र लावून नावावरून जोडून टाकल्या. उत्तर आलं, दोघे निवडले गेले: जॉर्डन हिक्स आणि माइक डेव्हिस. लेकाला तसं सांगूनही मोकळी झाले.

रात्री सवयीने प्रत्येक नोंद मूळ कागदाशी पडताळायला घेतली. २०१५ साली चौथ्या फेरीत सॅन फ्रान्सिस्कोने घेतलेला माइक डेव्हिस रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) होता, साउथ कॅरोलायनाचा. यूटीचा माइक डेव्हिस वाइड रिसीव्हर (पास झेलणारा). त्याला कुणीच निवडलं नव्हतं. नाव तेच, माणूस वेगळा. दोनाचा एक झाला, म्हणजे निम्मं उत्तर चुकीचं होतं.

मग शेजारच्या २०११ आणि २०१२ च्या तुकड्याही तपासून पाहिल्या, तर आणखी अवघड जोडी निघाली. २०११ चा माल्कम ब्राउन, सॅन अँटोनियोजवळच्या सिबोलोचा, रनिंग बॅक. २०१२ चा माल्कम ब्राउन, ब्लू बेल आइस्क्रीमच्या ब्रेनम गावचा, बचावफळीतला डिफेन्सिव्ह टॅकल. दोघे एकाच संघात, एकाच वेळी. इंग्रजीत एका अक्षराचा फरक आहे. मी नावं देवनागरीत उतरवत होते, तिथे तोही फरक उरला नाही. एक २०१५ च्या पहिल्या फेरीत ३२ वा निवडला गेला, न्यू इंग्लंडला. दुसरा निवडलाच गेला नाही, तरी एनएफएलच्या रॅम्स संघात जागा मिळवून अनेक मोसम खेळला.

उपाय: नावावर जोडणं बंद. प्रत्येकाला खूण दिली: नाव, शाळेचं गाव, सहीचं वर्ष. तीन्ही जुळले तरच नोंद. सगळं पुन्हा हाताने केलं, साडेचार तास लागले.

१ मार्च २०२५

२०१४ चा ड्राफ्ट. या तुकडीतली जी मुलं चार वर्षांत बाहेर पडली त्यांचं हे वर्ष. यूटीचा एकही खेळाडू निवडला गेला नाही. १९३७ नंतर पहिल्यांदाच. सातही फेऱ्या दोनदा वाचल्या.

आणि तरीही सहाव्या फेरीत २१४ व्या क्रमांकावर एक ओळखीचं नाव दिसलं, गॅरेट गिल्बर्ट. आमच्या इथल्याच लेक ट्रॅव्हिस शाळेचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा. २००९ साली त्याने यूटीकडेच सही केली होती. पॅसाडीनाच्या त्या सामन्यात यूटीचा मुख्य क्वार्टरबॅक कोल्ट मकॉय याचा खांदा सुरुवातीलाच गेला, तेव्हा हाच पहिल्या वर्षाचा मुलगा मैदानात उतरला. २०१० चा पडलेला मोसम त्याच्याच माथी बसला. पुढच्या वर्षी जागा गेली, तो डॅलसच्या एसएमयू विद्यापीठात गेला आणि तिथून निवडला गेला.

मग हा कुणाच्या खात्यात? यूटीच्या ड्राफ्टच्या यादीत तो नाही, यूटीच्या तुकडीच्या यादीत आहे. दिवसभर विचार करून खाती दोन केली: "सही कुठे केली" आणि "निघाला कुठून". तुकडीचा हिशेब पहिल्या खात्यावर, संघाचा दुसऱ्यावर. मला विचाराल तर निरखून निवडल्याचं श्रेय सही घेणाऱ्याला आणि घडवल्याचं जिथून निघाला त्याला.

हा नियम लावल्यावर २०१० च्या तुकडीतले गेलेले जागेवर बसले. क्वार्टरबॅक कॉनर वुड कोलोराडोला, रिसीव्हर डॅरियस व्हाइट मिझुरीला. तेव्हा कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं, म्हणून जाणारेही थोडे.

९ मार्च २०२५

"ड्राफ्ट" रकाना भरून झाला. २५ ओळींत एक "हो". शीट बंद करणार होते. पण जॅक्सन जेफकोटच्या ओळीवर अडकले.

प्लेनोचा मुलगा, वडील जिम जेफकोट एनएफएलच्या डॅलस काउबॉइजचे. पाच तारे. २०१२ मध्ये छातीचा स्नायू फाटून मोसम अर्धा गेला. २०१३ ला परत आला आणि १३ सॅक्स केले (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं), यूटी तेव्हा ज्या गटात होतं त्या बिग १२ चा सर्वोत्तम बचावपटू ठरला, टेड हेंड्रिक्स पुरस्कार मिळाला. तो बचावपटूचा मान त्याने वाटून घेतला टीसीयू विद्यापीठाच्या जेसन व्हेरेटबरोबर. व्हेरेट दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजातून आलेला, शाळेच्या वयात कुणी दारात उभं न केलेला. २०१४ मध्ये व्हेरेट पहिल्या फेरीत २५ वा गेला. जेफकोट सात फेऱ्यांत कुठेच नाही.

माझ्या शीटमध्ये जेफकोटसमोर "नाही" आणि संपलं. पण तो संपला नव्हता. तो कॅनडाच्या लीगमध्ये विनिपेगला गेला आणि २०१९ व २०२१ चे ग्रे कप, म्हणजे तिथलं विजेतेपद, जिंकणाऱ्या संघात होता. माझ्या रकान्यात याला जागाच नव्हती.

मग सगळ्या "नाही" पुन्हा उघडल्या. एड्रियन फिलिप्स, निवड नाही. एनएफएलच्या चार्जर्सनी घेतलं, काढलं, परत घेतलं, आणि २०१८ मध्ये तो स्पेशल टीम्ससाठी (किकच्या वेळी उतरणारे खेळाडू) ऑल-प्रोच्या, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तमांच्या, पहिल्या संघात. पुढे न्यू इंग्लंडला. ट्रे हॉपकिन्स, ह्यूस्टनच्या नॉर्थ शोअर शाळेचा, निवड नाही. सिनसिनाटीत राहिला, जानेवारी २०२१ मध्ये मोसमाच्या शेवटच्या सामन्यात गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, आणि फेब्रुवारी २०२२ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, सेंटर (क्वार्टरबॅकला चेंडू देणारा) म्हणून त्यानेच सुरुवात केली.

तीन "नाही"मागे तीन पूर्ण कारकिर्दी निघाल्या. "ड्राफ्ट" रकाना आता उजवीकडे शेवटी सरकवलाय. त्याच्या आधी "व्यावसायिक मोसम", त्यात कॅनडाही धरलाय. ज्यांनी अशी शीट सुरू केली असेल त्यांनी हे पहिल्या दिवशीच करा, माझा महिना गेला.

रात्री लेकाबरोबर २४ नोव्हेंबर २०११ च्या सामन्याचा शेवटचा भाग पाहिला. थँक्सगिव्हिंगची रात्र, यूटीचा जुना प्रतिस्पर्धी टेक्सस एअँडएमच्या मैदानावर, त्या परंपरेतला शेवटचा म्हणून गाजलेला सामना. (२०२४ मध्ये तो पुन्हा सुरू झाला.) याच तुकडीतला केस मकॉय, कोल्टचा धाकटा भाऊ. एका गुणाने मागे, वेळ संपत आलेली. पास टाकायला कुणी मोकळं नाही म्हणून तो स्वतः पळत सुटला, धावण्यात काही डौल नाही, खांदे वर चढलेले, पंचवीसेक यार्ड काढून पडला. मग किकर जस्टिन टकरने ४० यार्डांवरून चेंडू मारला, २७-२५. लेक उठून उभाच राहिला, तेरा वर्षांपूर्वीचा सामना असून. केस मकॉयच्या ओळीत ड्राफ्ट "नाही", एनएफएलचे मोसम शून्य. शेऱ्यात मी ती धाव लिहिली.

२२ मार्च २०२५

दुखापतींचा रकाना. हा मी टाळत होते.

जॉर्डन हिक्स, ओहायोचा पाच तारेवाला लाइनबॅकर, तुकडीतली एकमेव निवड. त्याचा २०१२ चा मोसम कंबरेजवळच्या दुखापतीने गेला, २०१३ चा टाचेमागची शीर तुटून. दोन वर्षं जवळजवळ सलग. वैद्यकीय कारणाने पाचवं वर्ष मिळालं म्हणून २०१४ मध्ये खेळला, १४७ टॅकल केले (चेंडूवाल्याला पाडलं) आणि २०१५ मध्ये तिसऱ्या फेरीत ८४ वा फिलाडेल्फियाला गेला. ते पाचवं वर्ष नसतं तर माझ्या रकान्यात शून्य आलं असतं.

डॉमिनिक एस्पिनोसा सेंटर. २०११ ते २०१३ तीन मोसम सगळे सामने सुरुवातीपासून खेळला. २०१४ च्या पहिल्याच सामन्यात घोटा मोडला. पाचव्या वर्षाने हिक्सला सगळं दिलं, याच्याकडून घेतलं. त्याच २०१४ मध्ये तुकडीतल्याच जॉन हॅरिसने पास झेलून १,०५१ यार्ड काढले. तोवर त्याच्याकडे फारसा चेंडू आलाच नव्हता. चार वर्षांनी हिशेब बंद केला असता तर हॅरिस "काही नाही" म्हणून गेला असता. म्हणून किमान मुदत: सहीपासून पाच मोसम पूर्ण झाल्याशिवाय कुठल्याही तुकडीबद्दल काही लिहू नका. तीन वर्षांत काढलेल्या याद्या मी आता वाचत नाही.

एक रकाना काढूनही टाकला, "सध्या काय करतो". एका नावाचा माग काढता काढता मी त्याच्या घरच्या व्यवसायाच्या पानावर पोचले. पोराला कडेवर घेतलेला फोटो होता. अठराव्या वर्षी त्याला कुणी किती तारे दिले होते याचा त्या पानाशी काही संबंध नाही. खिडकी बंद केली. जे खेळाच्या नोंदीत आहे तेवढंच ठेवायचं.

५ एप्रिल २०२५

एकाच तुकडीवरून काय कळणार, म्हणून तुलनेला अलाबामाची २००८ ची तुकडी घेतली. हुलियो जोन्स, मार्सेल डेरियस, मार्क इंग्रम, मार्क बॅरन, डॉन्टा हायटावर, पाच जण पहिल्या फेरीत. इंग्रमने २००९ ची हाइस्मन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलचा सर्वांत मोठा पुरस्कार, मिळवली, अलाबामाची पहिली. पॅसाडीनात कोल्ट मकॉयला धडक देणारा डेरियसच, आणि हाफच्या आधी गिल्बर्टचा छोटा पास पकडून २८ यार्ड धावत टचडाउन करणाराही तोच.

दोन दिवसांनी वाटलं, ही तुलना चुकली. सर्वांत नावाजलेल्या तुकडीशी ताडलं तर कुणीही खुजं दिसेल. मग त्याच वर्षाची, यादीत तेवढीच वरची, फ्लॉरिडाची २०१० घेतली. शरीफ फ्लॉइड २३ वा आणि मॅट एलम ३२ वा २०१३ मध्ये, डॉमिनिक ईझली २९ वा २०१४ मध्ये. तीन पहिल्या फेरीचे. पण याच तुकडीच्या चौथ्या वर्षी, २०१३ ला, फ्लॉरिडा ४ जिंकलं, ८ हरलं. त्याच मोसमात यूटी ८ जिंकलं, ५ हरलं. ड्राफ्ट मोजला तर फ्लॉरिडा पुढे, त्या मोसमाचे सामने मोजले तर यूटी. (२०१२ मध्ये फ्लॉरिडाने ११ जिंकले होते, तेही लिहायला हवं.)

दोन्ही शीट शेजारी ठेवल्यावर एक धागा सापडला. यूटीचा बचाव विल मसचँप सांभाळत होते, तेव्हाचे मुख्य कोच मॅक ब्राउन यांच्यानंतर मुख्य कोच तेच होणार असं जाहीरही झालं होतं. हिक्स, जेफकोट वगैरे बचावातली मुलं त्यांच्या काळात आली. डिसेंबर २०१० मध्ये मसचँप मुख्य कोच म्हणून गेले, आणि गेले फ्लॉरिडाला, अर्बन मायरच्या जागी. त्यानंतर यूटीत मॅनी डियाझ. सप्टेंबर २०१३ मध्ये बीवायू विद्यापीठाच्या संघाने यूटीविरुद्ध ५५० यार्ड धावून काढले, डियाझना काढलं, ग्रेग रॉबिन्सन आले. २०१४ ला मुख्य कोचच बदलले, चार्ली स्ट्राँग, आणि बचावाला व्हान्स बेडफर्ड. हिक्सच्या ओळीत पाच वर्षांत बचावाचे चार प्रमुख. प्रत्येकाची भाषा निराळी, खुणा निराळ्या, उभं राहायची जागा निराळी.

नवा रकाना: "आपल्या बाजूचे किती कोच बदलले". दीड तासात भरला, कारण ही माहिती सगळीकडे मिळते. आजवर भरलेल्या रकान्यांत सगळ्यांत जास्त सांगणारा हाच. सही करताना मुलगा कोचच्या तोंडाकडे बघून सही करतो. तो कोच राहील का, हे कुठल्याच ताऱ्यात मोजलेलं नसतं.

लेकाला हा रकाना दाखवला. त्याने बराच वेळ वाचला आणि विचारलं, "आई, आमचे कोच पुढच्या वर्षी आहेत ना?" मला माहीत नव्हतं, मी तसं सांगितलं.

२७ एप्रिल २०२५

काल ग्रीन बेला ड्राफ्ट संपला. यूटीचे १२ जण निवडले गेले. गेल्या वर्षी ११. अकरा वर्षांपूर्वी शून्य होतं हे माझ्या शीटमध्ये अजून लाल रंगात आहे.

दोन खाती लगेच उपयोगी पडली. २३ वा गेलेला रिसीव्हर मॅथ्यू गोल्डन यूटीतून निघाला, पण शाळेतून सही केली होती ह्यूस्टनकडे. २० वा जाहडे बॅरन आमच्या शेजारच्या कॉनली शाळेचा, २०२० च्या तुकडीतला. एका कोचकडे सही केली, वर्षाच्या आत ते गेले, स्टीव्ह सार्किझियन आले, आणि तो पाचही वर्षं इथेच राहिला. २०२४ चा थॉर्प पुरस्कार, म्हणजे मागच्या बचावफळीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा, मिळाला. २०१८ च्या ऑक्टोबरात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांची नोंद, सुरू झालं, २०२१ पासून पहिल्या बदलीला बसून राहावं लागेनासं झालं. त्यामुळे २०२० नंतरच्या तुकड्या तपासणाऱ्यांनी "निघाला कुठून" एकच रकाना ठेवू नका, तीन ठेवा. एका मुलाची तीन कॉलेजं आता नवलाची राहिली नाहीत.

आतापर्यंतचा जमाखर्च: ४१ तास, दहा डॉलर. त्यांतले साधारण १२ तास नावांच्या घोळात आणि ताऱ्यांत वाया.

२७ जुलै २०२५

तीन महिने शीट उघडली नव्हती. या आठवड्यात जॉर्डन हिक्सने निवृत्ती जाहीर केली. फिलाडेल्फिया, ॲरिझोना, मिनेसोटा, क्लीव्हलंड, मिळून १० मोसम. या तुकडीतला एनएफएलमध्ये अजून खेळणारा माझ्या शीटमधला तोच शेवटचा होता.

लेकाचे सराव पुढच्या आठवड्यात सुरू होतात. त्याचे बूट अंगणात वाळत घातले होते. त्याला बोलावलं, म्हटलं ही ओळ तू भर. त्याने "शेवटचं वर्ष" या रकान्यात २०२४ टाकलं, मग कर्सर डावीकडे नेत नेत पूर्ण ओळ वाचली. २०१२, दुखापत. २०१३, दुखापत. कोच, चार. "हे दोन्ही मोसम तो बाहेर बसून बघत होता?" मी म्हटलं, हो. त्याने शीट सेव्ह केली आणि बूट आत आणायला गेला.